डोंगरांत निभावण्याची विद्या

आयत्या वेळीं सुचलेली युक्ति म्हणून जिची आपण वाहवा करतों, ती बहुधा पूर्वीं कोणी तरी कोणाला तरी शिकविलेली असते. रानांत वाट चुकलेल्या मनुष्यानें रात्र कशी काढावी, पाणी कोठें शोधावें, ओल्या काटक्यांतून विस्तव कसा करावा, हें सांगणारीं पुस्तकें आज पुष्कळ मिळतात. त्यांतील बहुतेक परदेशांत लिहिलेलीं असून त्यांचा नायक एकटा असतो. एक चाकू, एक दोरी व स्वतःची अक्कल एवढ्या भांडवलावर तो निसर्गाशीं झगडतो आणि सुखरूप परत येतो. पुण्यांतील जी तरुण मंडळी दर रविवारीं सिंहगड, राजगड, तोरणा किंवा लोहगड-विसापूर गांठतात, त्यांच्याही मनांत हाच नायक घर करून असतो. आमचें म्हणणें असें कीं, सह्याद्रीच्या इतिहासांत हा एकटा नायक जवळजवळ सांपडतच नाहीं. येथें जो कोणी डोंगरांत निभावला, तो डोंगरांतल्या माणसांच्या विद्येवर निभावला. आणि ज्यांनीं ही विद्या सोडली त्यांना तिची किंमत मोजावी लागली. पुण्याचा इतिहास या दृष्टीनें चाळण्यासारखा आहे.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे, कारण रानांतली विद्या ही त्या त्या रानाचीच असते. सह्याद्रीचा हा भाग सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून बनला. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, व तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. कोंकणांतून घाटाकडे पाहिलें असतां हें नांव किती यथार्थ आहे तें कळतें. कठीण थर असेल तेथें उभा कडा, मऊ थर असेल तेथें झाडीचा उतार, आणि त्याच्याखालीं पुन्हा कडा. आतां परदेशीं पुस्तकांतील एक प्रसिद्ध नियम घ्या. वाट चुकलेल्यानें ओढ्याच्या कडेनें खालीं उतरत जावें. ओढा नदीला मिळेल, नदीकांठीं वस्ती लागेल. सपाट व लांबच लांब उतरत्या देशांत हा नियम उत्तम आहे. सह्याद्रीच्या कोंकणबाजूस तो पाळणारा मनुष्य थोड्याच वेळांत धबधब्याच्या माथ्यावर येऊन उभा राहतो. पुढें पाऊल टाकवत नाहीं आणि ज्या कातळावरून घसरत आला तो परत चढवत नाहीं, अशी त्याची गति होते. येथला कोळी किंवा धनगर उलट सांगतो. ओढा सोडा, सोंडेवर चढा, चारी बाजू पाहा; पायवाट व ढोरवाट यांतला फरक ओळखा; आणि दिवस मावळतीला आला असेल तर गुरें कोणीकडे परततात तें बघून त्यांच्या मागें जा.

पाण्याची गोष्ट याहूनही विचित्र आहे. महाबळेश्वरास वर्षाकांठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यास तो सातशेंच्या आसपास उरतो. इतका पाऊस अंगावर घेऊनही फाल्गुन उलटला कीं घाटमाथ्यावरचे ओढे कोरडे पडतात. कातळ पाणी धरून ठेवीत नाहीं; जें थोडें मुरतें तें दोन थरांच्या सांध्यावर येऊन अडतें व तेथूनच पाझरतें. म्हणून चैत्र-वैशाखांत दरीच्या तळाशीं ठणठणाट असतां कड्याच्या मध्यावर एखाद्या कपारींत थेंबथेंब पाणी गळत असतें. हें जाणणारा मान वर करून पाहतो; न जाणणारा आशेनें दरींत उतरतो. उंबराचें झाड ही ओलाव्याची खूण, हें खेडुतांस ठाऊक आहेच. पण ही समजूत केवळ गांवठी नव्हे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेच्या दकार्गल नांवाच्या प्रकरणांत झाडें, वारुळें, माती व खडक यांच्यावरून भूमींतील पाणी ओळखण्याचें शास्त्रच मांडलें आहे, आणि त्यांत उंबर व जांभूळ या दोहोंची गणना केलेली आहे.

पाण्याची तजवीज आयत्या वेळेवर न सोडण्याची रीत तर या डोंगरांत दोन हजार वर्षांची आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर, जुन्नरच्या लेण्यांत व कान्हेरीस वाटसरूंसाठीं आणि भिक्षूंसाठीं कातळांत खोदलेलीं टांकीं आजही पाहावयास मिळतात. जुन्नर व कान्हेरीच्या शिलालेखांत त्यांस ‘पोढी’ असें नांव असून तीं कोणी दान दिलीं तेंही कोरून ठेविलें आहे. तहानलेल्या परक्या माणसाला पाणी मिळावें म्हणून कोणी गृहस्थानें कातळ फोडविला, आणि त्याचें नांव राजांच्या नांवांबरोबर टिकलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गडांवरील टांकीं याच परंपरेंतलीं. सिंहगडाचें देवटाकें किंवा शिवनेरीवरील गंगा-जमना यांचें पाणी पिऊन आपण गार आहे म्हणून वाखाणतों. पण कोणता कातळ पाणी धरील व कोणता गळेल, हें ओळखून छिनी लावणाऱ्या पाथरवटाची आठवण आपल्यास क्वचितच होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे १७१५-१६च्या सुमारास, हें सारें शहाणपण राजनीतीच्या भाषेंत उतरलें आहे. पाणी पाहिल्यावांचून किल्ला बांधूं नये. स्थळ सोडणें शक्यच नसेल तर आधीं खडक फोडून टांकीं करावीं. एका झऱ्यावर विसंबूं नये, कारण लढाईच्या दिवसांत तोफांच्या दणक्यानें झरे कमी होतात. सांठविलेलें पाणी फार जपून वापरावें. त्याच ग्रंथांत गडावर कोणकोणतीं माणसें असावींत त्यांची यादी आहे, आणि तींत झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य व जखमा बांधणारे यांच्या शेजारीं लोहार, सुतार, पाथरवट व चांभार यांची नांवें येतात. संकट येईल तेव्हां युक्ति सुचेल, अशा भरंवशावर हें राज्य चालत नव्हतें. युक्ति जाणणारीं माणसें तें आधींच जवळ करून ठेवीत होतें.

शिवकालांतील मोठमोठे प्रसंग या दृष्टीनें पुन्हां वाचावेत. जुलै १६६० मध्यें शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून विशाळगडाकडे निघाले ती रात्र आषाढांतली होती. बाजीप्रभूंच्या पराक्रमानें तो प्रसंग अमर झाला आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु घोडखिंडींत तलवार उपसली जाण्यापूर्वीं कांहीं घडून गेलें होतें. धो धो पावसांत, चिखलांतून, रानवाटेनें, सुमारें सहाशें माणसें रात्रभर वाट न चुकतां चाललीं होतीं. बाजीप्रभूंच्या हाताखालचे बांदलांचे लोक हिरडस मावळांतले, म्हणजे अशाच पावसांत व अशाच डोंगरांत वाढलेले. निसरड्या कातळावर पाय कोठें द्यावा आणि भरलेला ओढा कोठें ओलांडावा, हें त्यांना त्या रात्रीं शिकावें लागलें नाहीं. तानाजी मालुसऱ्यांनीं १६७० सालीं सिंहगड घेतला त्या प्रसंगाशीं लोकांनीं घोरपडीची कथा जोडली आहे. इतिहास तिला पुरावा देत नाहीं. पण कड्यावर चढण्याची कला एका प्राण्याला बहाल करून आपण मावळ्याच्या पायांचें व बोटांचें श्रेय मात्र कमी करतों, हें ती कथा सांगतांना ध्यानांत येत नाहीं.

महाराजांचें एक पत्र, राज्याभिषेकाच्या सुमाराचें, चिपळुणाजवळ छावणी करून राहिलेल्या पागेच्या अधिकाऱ्यांस गेलेलें आहे. इतक्या बारकाईनें छावणीचा विचार केलेलें पत्र आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. दाणा व वैरण पावसाळाभर पुरवून वापरावी, आज उधळपट्टी केल्यास भर पावसांत उपासमार होईल, अशी त्यांत ताकीद आहे. रयतेच्या काडीलाही हात लावूं नये अशी दुसरी. आणि तिसरी विस्तवाविषयीं: कोणी आगटी करील, कोणी गवताजवळ चिलीम ओढील, कोणी रात्रीं दिवा जळत ठेवील आणि उंदीर वात पळवून नेईल, मग गवत पेटून सारी पागा हकनाक जाईल. ज्या राजाला उंदरानें पळविलेल्या वातीचीही चिंता होती, त्याच्या स्वाऱ्या यशस्वी कां झाल्या याचें अर्धें उत्तर या पत्रांत आहे. आज गडावर तंबू ठोकून वाळल्या गवताशेजारीं चूल पेटविणाऱ्या प्रत्येक टोळक्यास हें पत्र वाचून दाखवावें असें आम्हांस वाटतें.

हीच विद्या पुण्याहून बाहेर पडून किती दूरवर पोंचली त्याचें उदाहरण म्हणजे बाजीरावांची १७२७-२८ची मोहीम. निजामाजवळ जड तोफखाना होता, बाजीरावांजवळ नव्हता. निजामाची फौज पुण्यांत येऊन बसली तरी बाजीराव पुण्याकडे वळले नाहींत. त्याच्याच मुलुखांत घुसून त्याला मागें ओढीत फिरले. घोडा, भाला, खोगिरास बांधलेली शिधाची पिशवी आणि वाटेंत मिळेल तो दाणावैरण, एवढ्यावर ही फौज चाले. घोड्यावर बसल्या बसल्या कणसें हातावर चोळून खाणाऱ्या बाजीरावांचें चित्र पाहून निजाम चमकला, ही आख्यायिका सर्वांस माहीत आहे; ती खरी असो वा नसो, तिनें मर्म बरोबर पकडलें आहे. शेवटीं तोफा मागें टाकून आलेला निजाम फेब्रुवारी १७२८ मध्यें पालखेडजवळ पाण्यावांचून कोंडला गेला, आणि मार्च महिन्यांत मुंगी-शेवगांवचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धांतील सेनापति माँटगोमेरी यानें आपल्या युद्धेतिहासांत या मोहिमेची मुक्तकंठानें वाखाणणी केली आहे.

यानंतर तेहतीस वर्षांनीं पानिपत आलें. त्या पराभवाचीं कारणें अनेक आहेत व त्यांची चर्चा येथें करावयाची नाहीं. आमच्या विषयापुरतें एवढेंच सांगणें आहे कीं, बाजीरावांच्याच घरांतून निघालेल्या फौजेबरोबर आतां जड तोफखाना, डेरे, बाजारबुणगे, यात्रेकरू व बायकामुलें होतीं. जड सामान व कुटुंबें मागें ठेवून गनिमी काव्यानें लढावें, असा मल्हारराव होळकर व सुरजमल जाट यांचा सल्ला होता. तो मानला गेला नाहीं. नोव्हेंबर १७६० पासून सुमारें अडीच महिने ही फौज एका जागीं अडकून पडली, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं जी माणसें लढावयास बाहेर पडलीं तीं उपाशी होतीं. थोडक्यांत निभावण्याची विद्या एका पिढींत कमावली गेली व दुसऱ्या पिढींत वैभवाबरोबर गळून पडली. पुण्यांतील वाडे जसजसे उंच झाले तसतसा त्यांतील माणसांचा डोंगराशीं असलेला संबंध तुटत गेला, असें म्हटल्यास तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

मग ही विद्या कोठें राहिली? जेथें होती तेथेंच. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांतील महादेव कोळी, मुळशी-वेल्ह्याच्या माथ्यावरचे गवळी धनगर, घाटाखालचे ठाकूर व कातकरी, पुरंदरच्या टेकड्यांतील रामोशी, यांनीं ती जपली. तिला त्यांनीं विद्या असें नांव दिलें नाहीं. ती त्यांची रोजची राहणी होती. विस्तवाचेंच पाहा. चकमकीच्या संचांत पोलादाचा तुकडा, गारगोटी व ठिणगी धरणारा कापूस अशा तीन वस्तु असत. हा कापूस शेतांतला नव्हे. सावरीच्या बोंडांतला किंवा भेर्ली माडावरचा भुसा ते वापरीत, कारण तो ठिणगी चटकन धरतो. शहरांत अग्निहोत्र्यांच्या घरीं अरणिमंथनानें अग्नि उत्पन्न करण्याचा विधि मंत्रांसह जपला गेला, पण चूल पेटविण्यास काड्यांची पेटी आली आणि चकमक अडगळींत गेली. एका ठिकाणीं अग्नीचा मंत्र उरला, दुसऱ्या ठिकाणीं त्याचें तंत्र. दोघांची गांठ पडली नाहीं.

पावसाचें निवारण हेंही असेंच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा व त्यावर पानें बसवून केलेलें इरलें डोक्यावर घेतलें कीं मनुष्य ओणवा होऊन दिवसभर भातलावणी करूं शकतो, दोन्ही हात मोकळे ठेवून. घोंगडीची खोळ हा तर फार मोठा शोध आहे. लोंकर भिजली तरी ऊब सर्वस्वीं सोडीत नाहीं. भिजलेलें सुती कापड मात्र अंगांतली ऊब शोषून घेतें. पावसाळ्यांत गडावर काकडून आजारी पडणारे बहुतेक लोक अंगावरच्या भिजक्या सुती कपड्यांनीं आजारी पडतात, आणि त्यांच्या शेजारून खोळ घेतलेला धनगराचा मुलगा शांतपणें गुरें हांकीत जातो. दोर हवा असेल तर केवणीची साल सोलून, भिजवून, वळून तो करितात. पळसाच्या मुळांचाही होतो. कड्याला जेथें वाट नाहीं तेथें खांचा पाडलेला एकच ओंडका उभा करितात, त्यास निसणी म्हणतात. घाटांतील कित्येक वाटा त्यावरूनच निसणीच्या वाटा म्हणून ओळखल्या जातात.

अन्नाच्या बाबतींत ही विद्या सर्वांत सूक्ष्म आहे, कारण तेथें चुकीची शिक्षा लगेच मिळते. कडू करांदा तसाच खाल्ला तर बाधतो. कातकरी स्त्रिया त्याच्या चकत्या करितात, राखेच्या पाण्यांत त्या उकळतात व रात्रभर वाहत्या पाण्यांत ठेवितात; मग तो पोटांत घालण्याजोगा होतो. पहिल्या पावसांत उगवणारें शेवळ नुसतें शिजविलें तर घसा खाजवून सोडतें. त्यांत काकडाचीं आंबट फळें घालावीं लागतात, आणि निसर्गाची योजना अशी कीं हीं फळें त्याच दिवसांत त्याच रानांत मिळतात. हें ज्ञान कोणा एकाला एका दिवशीं सुचलेलें नव्हे. किती जणांचे घसे खाजले असतील, किती जण आजारी पडले असतील, तेव्हां तें ठरलें. भुकेल्या प्रवाशानें ओळख नसलेला कंद खाऊं नये, हाच नियम तेथील माणूस आपल्यास सांगतो. रानांत सर्व कांहीं खाण्याजोगें असतें असें तो कधींच म्हणत नाहीं. दुष्काळाच्या सालांत याच माहितीवर कित्येक वाड्या तगल्या.

आग्या मोहोळाचेंही उदाहरण घेण्यासारखें आहे. गडांच्या कड्यांना व लेण्यांच्या तोंडांना या माशांचीं पोळीं लोंबत असतात. धूर, उग्र सुगंध व आरडाओरडा यांनीं त्या खवळतात, आणि शहरी मंडळी या तीनही वस्तु नेमक्या बरोबर घेऊन जातात. डोंगरांतला माणूस अशा जागेखालून न बोलतां जातो. माशा उठल्याच तर हात झाडीत बसत नाहीं. घोंगडी पांघरून जमिनीशीं निश्चल पडून राहतो.

इंग्रजी अमलांत या विद्येचा संबंध पुण्याशीं पुन्हां एकदां आला, पण तो राज्यकर्त्यांच्या बाजूनें नव्हे. उमाजी नाईकांनीं पुरंदरच्या डोंगरांच्या आश्रयानें कंपनी सरकारास कित्येक वर्षें हैराण केलें. त्यांचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशनेंच पुढें रामोशांवर ग्रंथ लिहिला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. ज्याला पकडावयाचें त्याची राहणी आधीं शिकावी लागते. उमाजींना रानानें धरून दिलें नाहीं, माणसांनीं दिलें. आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यांत त्यांना फांशी झाली.

वासुदेव बळवंत फडके यांची हकीकत आमच्या वाचकांस अधिक जवळची वाटेल, कारण ते त्यांच्यासारखेच लिहिणारे-वाचणारे मध्यमवर्गी गृहस्थ होते. पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत त्यांची नोकरी होती. १८७६-७८च्या दुष्काळानें त्यांचें मन पेटलें, आणि फेब्रुवारी १८७९ मध्यें त्यांनीं बंडाचें निशाण उभारलें. त्यांचा जन्म कर्नाळ्याच्या पायथ्याशीं शिरढोणचा, आणि आजोबा त्या किल्ल्याचे किल्लेदार. तेव्हां डोंगर त्यांस परका नव्हता. तरीही त्यांचें बळ होतें तें रामोशी, कोळी व धनगर सोबत्यांचें. दौलतराव नाईक हा त्यांचा रामोशी सरदार मे १८७९ मध्यें मारला गेला आणि टोळी फुटली. त्यानंतर सुमारें दोन महिन्यांत, जुलै १८७९ मध्यें, तापानें फणफणलेले वासुदेव बळवंत दूर विजापुराकडे देवर नावदगीच्या देवळांत झोपेंत पकडले गेले. १८८३ सालीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या धैर्याविषयीं कोणास शंका नाहीं. परंतु धैर्य एकट्याचें असूं शकतें, रानांतलें जगणें एकट्याचें असूं शकत नाहीं, हें त्यांच्या त्या शेवटच्या दोन महिन्यांतून दिसतें.

त्यांच्या बंडाच्या आदल्याच वर्षीं, १८७८ सालीं, जंगलांचा कायदा झाला. ज्या रानांतून लोक पिढ्यान् पिढ्या लांकूड, कंद, मध व हिरडा आणीत आले तें रान एकाएकी सरकारचें झालें आणि तेथें पाय टाकणारा गुन्हेगार ठरूं लागला. विद्या हातांत असून ती चालवावयाची भूमि गेली. पुढें शाळा आल्या. त्यांत कातकऱ्याच्या मुलाला दूरदेशींच्या नद्यांचीं नांवें शिकविलीं गेलीं, पण आईला ठाऊक असलेल्या चाळीस पाल्यांचीं नांवें हेंही ज्ञान आहे असें त्याला कोणी सांगितलें नाहीं.

मौज अशी कीं, याच सुमारास युरोपला या विद्येची गोडी लागली. बेडन-पॉवेल १८७६ सालीं हिंदुस्थानांत पलटणींत दाखल झाला. येथें व पुढें आफ्रिकेंत त्यानें रानांत माग काढण्याची विद्या पाहिली, आणि १९०८ सालीं मुलांसाठीं बालवीरांचें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें. हिंदी मुलांना मात्र त्या चळवळींत प्रथम प्रवेश नव्हता. म्हणून १९१६-१८च्या सुमारास ॲनी बेझंट व पंडित मालवीय यांना स्वतंत्र बालवीर पथकें काढावीं लागलीं. जी विद्या येथल्या व आफ्रिकेंतल्या रानांतल्या माणसांची होती, तीच इंग्रजी पुस्तकांतून, इंग्रजी गांठींच्या नांवांसह, आमच्या मुलांकडे परत आली. आणि मधल्या मध्यें मूळ गुरूचें नांव गळालें.

स्वातंत्र्यानंतर पुण्यानें डोंगराशीं नातें पुन्हां जोडलें, ही आनंदाची गोष्ट आहे. गो. नी. दांडेकर यांनीं तळेगांवास राहून गडांची वाट शेंकडों घरांना दाखविली. त्यांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’नें कित्येकांस पहिल्यानें बूट घालावयास लाविलें. पुढें गिर्यारोहण-संस्था निघाल्या, आणि १९ मे २०१२ रोजीं ‘गिरिप्रेमी’चे पुणेकर एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले. पण या यशाच्या शेजारीं दुसरें चित्र आहे. दर पावसाळ्यांत व दर उन्हाळ्यांत वाट चुकलेल्या, घसरलेल्या, पाण्यावांचून कोसळलेल्या पर्यटकांच्या बातम्या येतात. खिशांतला मोबाइल नकाशा दाखवितो. पण त्यावर कातळाचा ओलसरपणा दिसत नाहीं, आणि दरींत संदेश मिळत नाहीं. अशा वेळीं लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्रीबेरात्रीं दोर घेऊन धांवतात, आणि त्यांच्या पुढें बहुधा जवळच्या वाडींतला एखादा मुलगा चालत असतो, कारण कोणत्या घळींत मनुष्य अडकला असेल हें हांकेवरून ओळखणारा तोच असतो.

रानांतलें सर्वच ज्ञान निर्दोष असतें असें आमचें म्हणणें नाहीं. सर्पदंशावर मंत्र, जखम कापणें, घट्ट बांधणें असे जे उपाय चालत आले त्यांनीं माणसें वांचलीं नाहींत. मौल्यवान वेळ मात्र गेला. नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांच्या विषावर रुग्णालयांतील प्रतिविष हाच उपाय आहे, आणि दंश झालेल्यास न हलवितां, धीर देत, लवकर तेथें पोंचविणें हीच खरी रानांतली सेवा. रायगडाच्या परिसरांत विंचवाच्या दंशानें मुलें दगावत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तेथेंच राहून रोग्यांचें निरीक्षण केलें, आणि प्राझोसिन या औषधानें हे मृत्यु टळतात हें १९८०च्या दशकांत जगापुढें मांडलें. परंपरेची परीक्षा करावी ती अशी: त्याच भूमींत राहून, त्याच माणसांची सेवा करीत. न पाहतां टाकून देणें हें जसें अज्ञान, तसेंच न पाहतां डोक्यावर घेणें हेंही.

तेव्हां डोंगरांत जाणाऱ्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. पाणी घरून न्यावें, लोंकरीचें कांहीं अंगावर असावें, दिवस मावळण्यापूर्वीं वस्ती गांठावी, आणि अनोळखी वाटेवर गांवचा वाटाड्या घ्यावा. त्याला योग्य मोबदला द्यावा. तो मजूर नव्हे, त्या वाटेचा शिक्षक आहे. एक गोष्ट मात्र लेखकवर्गानें करावयाची आहे. मासिकांतून गडांचीं वर्णनें येतात, त्यांत बुरुजांचीं नांवें असतात, सालें असतात, सूर्यास्ताचे रंग असतात. ज्यानें वाट दाखविली तो बहुधा ‘एक धनगर’ किंवा ‘बरोबरचा कोळी’ एवढाच राहतो. जुन्नरच्या कातळांत पोढी देणाऱ्याचें नांव कोरणाऱ्यांनीं दोन हजार वर्षांपूर्वीं जें केलें, तें आपणही करावें. यापुढील प्रत्येक वर्णनांत वाटाड्याचें नांव, त्याच्या संमतीनें, लिहावें. आणि त्यानें झाडाला, घळीला, पावसाच्या प्रकाराला जो शब्द वापरला तो जसाच्या तसा टिपून ठेवावा. ते शब्द अजून ऐकूं येतात, पण ते बोलणारीं बहुतेक माणसें आतां म्हातारीं झालीं आहेत.